युद्धकॉमिक्समधला शत्रू आणि कागदावर नसलेली बंदी

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन कॉमिक्समध्ये जपानी सैनिक म्हणजे सुळेवाला राक्षस. शत्रूला माणसाचा चेहरा मिळाला तो कोरियन युद्धात. १९५० आणि १९५१ साली न्यूयॉर्कच्या एका छोट्या प्रकाशनाने दोन युद्धकॉमिक्स काढली. त्यातली एक गोष्ट अजून अंगावर येते. इमजिन नदीच्या काठावर एक अमेरिकन सैनिक वाहतं प्रेत बघत बसलाय. हातघाईची लढाई आता राहिलीच कुठे, असा विचार करतोय, तोच शत्रू अंगावर येतो. मग पाण्याखाली दाबून धरलेलं डोकं, वर येणारे बुडबुडे. जिंकल्याचा आनंद कुठेच नाही.

१९५४ साली प्रकाशकांनी कॉमिक्समध्ये काय दाखवायचं याची नियमावली स्वतःवर लादून घेतली आणि असली चित्रं मागे पडली. आपल्याकडे रद्दीच्या दुकानांत हाताला लागणारी, १९६१पासून निघणारी खिशातली ब्रिटिश 'कमांडो' मालिकाही प्रामुख्याने शौर्याचीच.

खरा वाद झाला १९६५मध्ये. 'ब्लेझिंग कॉम्बॅट' हे अमेरिकन युद्धकॉमिक मोठ्या आकारात, कृष्णधवल, ३५ सेंट किमतीला निघालं. मॅगझिन असल्यामुळे ते कॉमिक-पुस्तकांसाठीच्या नियमावलीच्या कक्षेत येत नव्हतं. दुसऱ्या अंकात व्हिएतनामी म्हातारा शेतकरी होता. त्याला ना या बाजूचं पडलेलं, ना त्या. जीव अडकलेला भातात. शेवटी शेतही जातं आणि तोही. चार अंकांत, १९६६ साली मॅगझिन बंद पडलं.

याला 'बंदी' म्हणायचं का, यावर अजून वाद होतो. सरकारी हुकूम निघाला नव्हता, हे खरं. पण लष्करी तळांवरच्या दुकानांनी अंक ठेवायला नकार दिला, माजी सैनिकांच्या संघटनेने विरोध केला आणि वितरकांकडे गठ्ठे पडून राहिले. काहीजण म्हणतात, बाजाराने नाकारलं. मला ते पटत नाही. तळावरचं दुकान लष्कराचंच असतं. आणि वाचकाने नाकारायचं, तर अंक आधी त्याच्या हातात पडायला हवा. मी याला बंदीच म्हणतो.

पुढे १९७१च्या सुमारास एका बड्या प्रकाशनाच्या युद्धकथांखाली 'आता युद्ध नको' अशा अर्थाचा शिक्का दिसू लागला. वरच्या चौकटींत नायक रणगाडे उडवतच होता. शिक्क्याशिवाय तीच गोष्ट सांगितली १९७९च्या एका ब्रिटिश मालिकेने. वय चोरून भरती झालेला सोळा वर्षांचा पोरगा, पहिल्या महायुद्धातली १९१६ची सोमची लढाई, आणि घरी धाडलेली त्याची अशुद्ध स्पेलिंगची पत्रं.