सारख्याच वजनाच्या दोन रॅकेट

टेनिस रॅकेटच्या फ्रेमवर बारीक अक्षरांत दोन आकडे हमखास छापलेले असतात: वजन आणि डोक्याचं क्षेत्रफळ. समजा ३०० ग्रॅम आणि १०० चौरस इंच. बरेचजण या दोन आकड्यांवरच रॅकेट निवडतात. पण नेमके हेच आकडे असलेली दोन वेगळी मॉडेलं घेऊन कोर्टवर उतरलात, तर थोड्याच रॅलींत लक्षात येतं की एक रॅकेट सहज फिरते, पण जोरात आलेल्या चेंडूपुढे डळमळते. दुसरी फिरवायला जड जाते, पण चेंडू आला की जागची हलत नाही. वजन दोघींचं एकच आहे. फरक आहे तो ते वजन कुठे बसवलंय याचा, आणि फ्रेमवर तेवढंच छापलेलं नसतं.

हातोडा दांड्याला धरून फिरवून बघा आणि मग लोखंडाकडून धरून फिरवा. काट्यावर वजन तितकंच भरेल, मनगटाला मात्र दोन वेगळ्या वस्तू वाटतील. भौतिकशास्त्रात याला जडत्व आघूर्ण म्हणतात आणि रॅकेटच्या दुनियेत स्विंगवेट. मुठीच्या टोकापासून १० सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण हाताच्या पकडीत, एक अक्ष कल्पायचा. रॅकेटच्या प्रत्येक कणाचं वस्तुमान, गुणिले त्याचं या अक्षापासूनचं अंतर, आणि ते अंतर वर्ग करून घ्यायचं. या सगळ्यांची बेरीज म्हणजे स्विंगवेट. तारा भरलेल्या बहुतेक रॅकेटचं ते २८० ते ३५० किलोग्रॅम-चौरस सेंटिमीटरच्या दरम्यान असतं.

सगळी गंमत त्या वर्गात आहे. १० ग्रॅम शिसं रॅकेटच्या टोकाला चिकटवलं, तर अक्षापासूनचं अंतर सुमारे ५८ सेंटिमीटर होतं आणि स्विंगवेट जवळपास ३४ एककांनी वाढतं. साध्या हौशी खेळाडूची रॅकेट एकदम व्यावसायिकाच्या रॅकेटसारखी जड होते. तेच १० ग्रॅम पकडीखाली लावले तर स्विंगवेट जिथल्या तिथे राहतं. काटा मात्र दोन्ही वेळा ‘१० ग्रॅम वाढले’ एवढंच सांगेल. म्हणून ‘हलकी रॅकेट घे’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. हलकी म्हणजे काट्यावर की हातात, हे आधी ठरायला हवं.

चेंडूच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट आणखी रंगते. रॅकेट आणि चेंडू यांची भेट जेमतेम ५ मिलिसेकंदांची असते. चेंडूला त्या वेळी पूर्ण रॅकेट ‘जाणवत’ नाही, कारण धक्का वस्तुमानकेंद्रापासून दूर बसला की रॅकेटचा काही भाग मागे सरकतो आणि काही भाग नुसता गरकन वळतो. तारांसकट ३२० ग्रॅमची, ३२० स्विंगवेटची आणि मुठीच्या टोकापासून ३२.५ सेंटिमीटरवर तोल असलेली रॅकेट घेऊ. गणित केलं तर तारांच्या जाळीच्या मध्याजवळ चेंडूला समोर सुमारे १७५ ग्रॅमची वस्तू असल्यासारखं वाटतं. गळ्याजवळ, म्हणजे दांडा डोक्याला जिथे मिळतो तिथे, हा आकडा २६० च्या आसपास जातो आणि टोकाजवळ ११० वर उतरतो. चेंडू स्वतः ५८ ग्रॅमचा. टोकाजवळ फ्रेम थरथरते आणि काही ऊर्जा त्यातही जाते. म्हणूनच रॅकेट स्थिर धरून चेंडू टोकाजवळ सोडला तर तो जवळजवळ उसळतच नाही. खेळाडू या जागेला ‘डेड स्पॉट’ म्हणतात.

आता नेटजवळची व्हॉली, म्हणजे टप्पा पडायच्या आत मारलेला फटका, घ्या. रॅकेट जवळपास स्थिर, चेंडू वेगात येतोय. इथे रॅकेट किती उसळवते यावरच सगळं, त्यामुळे मध्यापासून गळ्याकडचा भाग जास्त कामाचा. सर्व्हिसला उलट. चेंडू हवेत जवळपास थांबलेला, त्याच्याकडे उसळायला स्वतःचा वेगच नाही. जो काही वेग आहे तो रॅकेटचा, आणि फिरणाऱ्या रॅकेटचं टोक गळ्यापेक्षा खूप वेगात असतं. त्यामुळे सर्व्हिस करताना चेंडू मध्याच्या थोडा वर लागणं फायद्याचं. दुकानदार बोट ठेवून दाखवतो तो ‘स्वीट स्पॉट’, म्हणजे चेंडू सर्वांत छान बसतो ती जागा, एक नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रॉडी यांनी १९७९ पासून या विषयावर जे लिहिलं, त्यात त्यांनी तीन जागा वेगळ्या काढून दाखवल्या: जिथे हाताला झटका सर्वांत कमी बसतो ती, जिथे फ्रेम कमीत कमी थरथरते ती, आणि जिथून चेंडू सर्वांत जोरात उसळतो ती. या तिन्ही जागा एकमेकींपासून काही सेंटिमीटर अंतरावर असतात.

मग स्विंगवेट वाढवलं की सर्व्हिस वेगवान होते का? फारशी नाही. जड टोक चेंडूला जास्त वेग देतं खरं, पण तेच टोक फिरवायला हात मंदावतो. दोन्ही परिणाम जवळजवळ एकमेकांना खाऊन टाकतात. फायदा दिसतो तो परतीच्या फटक्यात, जिथे समोरून येणाऱ्या चेंडूचा जोर सोसायचा असतो.

डोक्याच्या आकाराबद्दल लोकांची समजूत अशी, की मोठं डोकं म्हणजे चेंडू चुकण्याची भीती कमी. खरं कारण जास्त सुंदर आहे. हॉवर्ड हेड या अमेरिकी इंजिनिअरने आधी धातूच्या स्की बनवून नाव मिळवलं, मग निवृत्तीनंतर टेनिस शिकायला घेतलं आणि चेंडू कडेला लागला की रॅकेट हातात वळते याचा त्याला त्रास होऊ लागला. फ्रेमच्या दोन्ही कडा मधल्या रेषेपासून दूर नेल्या तर हे वळणं कमी होईल, कारण इथेही अंतराचा वर्गच लागतो. १९७६ मध्ये प्रिन्स कंपनीने त्याची ११० चौरस इंची रॅकेट बाजारात आणली. लाकडी रॅकेट तेव्हा ६५ ते ७० चौरस इंचांच्या असत. १९८३ ची फ्रेंच ओपन यानिक नोआने लाकडी रॅकेटने जिंकली, आणि त्यानंतर एकाही पुरुषाने लाकडावर ग्रँड स्लॅम एकेरी जिंकलेली नाही. पीट सँप्रास ८५ इंचांवर अडून राहिला. रॉजर फेडररने ९० इंच सोडून ९७ घेतले ते थेट २०१४ मध्ये.

तारांचं टेन्शन हा खेळाडूंचा सर्वांत आवडता वाद. गटिंग करणाऱ्याकडे, म्हणजे तारा भरून देणाऱ्याकडे, ‘दोन पाउंड कमी ठेव, जोर येईल’ असं सांगणारे खूप भेटतात. ढिल्या तारा थोडा जास्त जोर देतात हे खरं, कारण तारा घेतलेली ऊर्जा नव्वद टक्क्यांहून जास्त परत करतात आणि दाबला गेलेला चेंडू तेवढी करत नाही. पण दोन पाउंडांनी वेगात पडणारा फरक इतका कमी असतो की तो जाणवण्याजोगा नाही. सिडनीचे भौतिकशास्त्रज्ञ रॉड क्रॉस यांनी टेन्शनचा फरक अनुभवी खेळाडूंना ओळखता येतो का, हे तपासलं होतं. त्यांच्यातल्या बहुतेकांना तो ओळखता आला नाही.

तारा कशाच्या आहेत याने मात्र खेळ बदलतो. १९७७ मध्ये इली नस्तासे दुहेरी तारांची, नळ्या घातलेली ‘स्पॅगेटी’ रॅकेट घेऊन गिलेर्मो व्हिलाससमोर उतरला. चेंडू असा विचित्र फिरायला लागला की क्ले कोर्टवर सलग ५३ सामने जिंकलेला व्हिलास सामना अर्धवट सोडून निघून गेला. त्या रॅकेटवर लगेच बंदी आली. तिच्यातली युक्ती अशी होती, की तारा चेंडूसोबत बाजूला सरकतात आणि चेंडू सुटायच्या आत झटकन जागेवर येऊन त्याला फिरकी देतात. बंदी नळ्यांवर आणि दुहेरी तारांवर आली, ही युक्ती तशीच राहिली. गुळगुळीत पॉलिस्टर तारा एकमेकींवरून सहज घसरतात आणि तेच काम नियमात राहून करतात. गुस्तावो कुर्टेनने १९९७ ची फ्रेंच ओपन अशाच तारांनी जिंकली, आणि पुढे सगळा व्यावसायिक खेळ त्या दिशेने गेला. दोन रॅकेटची तुलना करताना एकीत पॉलिस्टर आणि दुसरीत नायलॉन असेल, तर तुम्ही तारांची तुलना करताय, फ्रेमची नाही.

तारांमध्ये अडकवायचं रबरी बटण, म्हणजे डॅम्पनर, फक्त तारांचा टणत्कार बंद करतं. फ्रेमची थरथर बरीच कमी कंपनसंख्येची असते, तिला ते हातही लावत नाही. कोपर दुखतं म्हणून बटण लावणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

स्विंगवेट मोजायला यंत्र लागत नाही. रॅकेट पट्टीच्या धारेवर आडवी ठेवून तोल कुठे येतो ते आधी बघा. मग विणकामाची लांब सुई सगळ्यात वरच्या आडव्या तारेजवळून, उभ्या तारांतून आडवी ओवा. सुईची टोकं दोन खुर्च्यांच्या पाठींवर टेकवा आणि रॅकेटला पुढे-मागे छोटे झोके द्या. ३० झोक्यांचा वेळ मोबाइलवर मोजून ३० ने भागा. या कालाचा वर्ग, गुणिले किलोतलं वजन, गुणिले ९.८१, गुणिले सुई ते तोलबिंदू हे मीटरमधलं अंतर, आणि आलेल्या उत्तराला ३९.५ ने भागायचं. हे सुईभोवतीचं जडत्व आघूर्ण झालं. त्यातून वजन गुणिले त्याच अंतराचा वर्ग वजा करा आणि तोलबिंदूचं मुठीकडच्या १० सेंटिमीटरच्या खुणेपासूनचं अंतर घेऊन वजन गुणिले त्याचा वर्ग त्यात जमा करा. शेवटी १०,००० ने गुणा. वरच्या उदाहरणातली रॅकेट मुठीच्या टोकापासून ६६ सेंटिमीटरवर टांगली तर ३० झोक्यांना ४१.८ सेकंद लागतील आणि उत्तर ३२० येईल. वजन आणि तोल तोच ठेवून स्विंगवेट १० एककांनी वाढलं, तर ३० झोक्यांना ०.४ सेकंद जास्त लागतात. एवढा फरक अंगठ्याने थांबवायच्या स्टॉपवॉचलाही पकडता येतो.

दोन रॅकेटमध्ये अडकलाच असाल तर माझं मत कमी स्विंगवेटवालीच्या बाजूने आहे. फ्रेममधलं वस्तुमान काढून टाकता येत नाही, वाढवता मात्र येतं. टोकाला शिशाची ३ ग्रॅमची पट्टी लावली की १० एककं वाढतात. तेवढ्याने आठवडाभर खेळून बघा, आणि जड वाटली तर पट्टी सोलून काढा.