थर्मोस्टॅट काढला म्हणजे ओम्नी तापायची थांबत नाही

जुनी ओम्नी घेतली की पहिला सल्ला ठरलेला: "थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे त्याची गरज नाही, गाडी कधी तापणार नाही." हे साफ चूक आहे, आणि यात चांगली इंजिनं लवकर झिजतात म्हणून कळकळीने लिहितोय.

थर्मोस्टॅट ही इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेवरची झडप. इंजिन साधारण ८० अंशांपर्यंत तापेस्तोवर ती बंद राहते, मग उघडून पाणी रेडिएटरकडे, म्हणजे ते गार करणाऱ्या जाळीकडे, सोडते. ती काढली की इंजिन बराच वेळ गारच राहतं. पेट्रोल नीट जळत नाही, अ‍ॅव्हरेज पडतं, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुतलं जातं.

मग गाडी तापते कशाने? बहुतेकदा नळाचं पाणी वर्षानुवर्षं घालून गंजाने तुंबलेल्या रेडिएटरमुळे, नाहीतर बंद पडलेल्या पंख्यामुळे किंवा रेडिएटरच्या सैल झाकणामुळे. झडप कधी बंद अवस्थेत अडकतेही, पण मग ती बदलायची, काढून टाकायची नाही. माझ्या गाडीची मी घरी तपासली: दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडली, खाली गॅस लावला. पाण्याला उकळी फुटायच्या आधीच ती हळूहळू उघडताना दिसली. म्हणजे दोष तिचा नव्हताच!

नवी झडप काहीशे रुपयांत येते. तापलेली गाडी तशीच दामटली आणि हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, त्याच्या खालचं सील) उडालं, तर हेड उतरवण्यात हजारो जातात. डिपस्टिकवर (ऑईल मोजायच्या पट्टीवर) ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं असू शकतं; मग गाडी सुरूच करू नका.