पोवळ्याचा साफसफाईचा खर्च

प्रवाळाच्या एखाद्या गोल गड्ड्यावर चिमूटभर रेती टाकली आणि भिंगातून पाहत राहिलं, तर थोड्याच वेळात तिथे गडबड सुरू झालेली दिसते. पृष्ठभागावरचे सूक्ष्म रोम एका लयीत हलू लागतात, कण हळूहळू कडेला सरकतात. जे सरकत नाहीत त्यांच्याभोवती प्रवाळ चिकट स्राव सोडतं. कण त्यात अडकतात आणि ती मळकट साय पाण्याच्या ओढीबरोबर घसरून जाते. भूछत्रासारखं दिसणारं, तळाशी सुटं पडून राहणारं फंजिया तर अंगात पाणी भरून टम्म फुगतं. रेतीखाली पुरतं गाडलं गेलं तरी बऱ्याचदा ते स्वतःला वर काढतं.

बघायला मजा वाटते, पण ही साफसफाई फुकट होत नाही.

प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. अनेक जातींच्या ऊर्जेच्या गरजेपैकी 90 टक्क्यांपर्यंत भाग इथूनच भागतो. चुन्याचा सांगाडा वाढवणं, अंडी तयार करणं, रोगांशी झुंजणं हे सगळं याच मिळकतीवर चालतं, आणि तो चिकट स्रावही त्यातूनच बनतो. पाणी गढूळ झालं की प्रकाश अडतो आणि मिळकत घटते. तोच गाळ अंगावर बसला की सफाईचा खर्च वाढतो. गाळाचा खरा घाव हा असा दुहेरी आहे. प्रवाळ लगेच मरत नाही, आतून कंगाल होत जातं. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र बराच काळ ते ठणठणीतच वाटतं.

शिवाय गाळागाळात फरक असतो. स्वच्छ, भरड रेती त्यातल्या त्यात परवडते. घात करतो तो नदीतून येणारा, कुजकट सेंद्रिय द्रव्यानं भरलेला मऊ चिखल. त्याचा थर बसला की आतले जिवाणू सेंद्रिय द्रव्य कुजवताना ऑक्सिजन संपवतात, थराखालचं पाणी आम्लधर्मी होतं आणि पुढे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होऊ लागतो. अशा थराखाली प्रवाळाची ऊती एक-दोन दिवसांतसुद्धा मरू शकते. म्हणून ‘इतके मिलिग्रॅम गाळ चालतो’ अशी एकच मर्यादा सगळीकडे लावणं मला फारसं पटत नाही.

हा चिखल येतो कुठून? याची नोंद प्रवाळानंच ठेवली आहे. पोराइट्स नावाचं दगडासारखं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं आणि झाडाच्या खोडासारखी वार्षिक वलयं सोडतं. नदीच्या गाळाबरोबर आलेलं बेरियम हे मूलद्रव्य समुद्राच्या पाण्यात मिसळतं आणि त्याचा माग या चुन्यात उरतो. ऑस्ट्रेलियातल्या बर्डेकिन नदीच्या पुराचं पाणी ग्रेट बॅरियर रीफच्या ज्या भागात पोचतं, तिथल्या प्रवाळांचे असे नमुने तपासले गेले. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 1870 च्या सुमारापासून गाळ ठळकपणे वाढलेला दिसला. युरोपीय वसाहतकारांची गुरंमेंढरं त्या खोऱ्यात चरू लागली, त्याच्या मागोमागचा हा काळ. गवत गेलं, माती उघडी पडली, पहिल्या मोठ्या पुरानं ती समुद्रात नेली.

बरं, आलेला गाळ एकदाच त्रास देऊन थांबतो असंही नाही. हवाई बेटांपैकी मोलोकाईच्या दक्षिण किनाऱ्यावर उथळ प्रवाळभित्तीवर साचलेला चिखल दिवसा वाढणाऱ्या व्यापारी वाऱ्यांच्या लाटांनी वर उसळतो, मग खाली बसतो आणि पुन्हा उसळतो. उतारावरची झाडी बकऱ्यांनी आणि गुरांनी संपवली त्याची किंमत भित्ती अशी रोज मोजते.

याउलट काही प्रवाळं कायम गढूळ पाण्यात पिढ्यानपिढ्या नांदतात. त्यातली काही गाळाबरोबर आलेले अन्नकण खाऊन तूट भरून काढतात. उन्हाळ्यात गढूळ पाणी थोडी सावलीही धरतं. पण हा जम बसायला फार काळ जावा लागतो. नितळ पाण्यात वाढलेल्या प्रवाळाला तो एका पावसाळ्यात बसवता येत नाही.

त्यात उष्णतेचं संकट म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. समुद्राचं तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा एखाद्या अंशानं महिनाभर वर राहिलं, तरी प्रवाळ शैवालाला बाहेर काढतं आणि पांढरं पडतं. कमावणारंच घर सोडून जातं. मग जगायचं ते साठवलेल्या चरबीवर आणि हाती लागेल त्या प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांवर. ती चरबी आधीच सफाईत खर्ची पडली असेल तर पाणी थंड होईपर्यंत तग धरायचा कशावर? 2023 पासून चौथं जागतिक विरंजन, म्हणजे जगभरची प्रवाळं एकाच काळात पांढरी पडणं, सुरू झालं तेव्हा बातम्या तापमानाच्या आल्या आणि ते रास्तच होतं. चिखलाचा उल्लेख मात्र क्वचितच सापडतो.

मेलेल्या प्रवाळाची जागा नव्यानं घ्यावी, तर तिथेही गाळ आडवा येतो. प्रवाळाच्या पोहत आलेल्या अळीला चिकटायला स्वच्छ, टणक पृष्ठभाग लागतो. गाळाचा पातळ थरही तिला परत पाठवायला पुरतो. मोकळ्या जागेवर आखूड शेवाळाचा गालिचा वाढतो, तो आणखी गाळ धरून ठेवतो आणि शेवाळ खरवडून खाणारे मासे असा मातकट घास टाळतात. त्यामुळे शेवाळ अधिकच वाढतं.

त्याआधीची एक पायरी तर फार नाजूक असते. पुष्कळ जाती वर्षातल्या ठरावीक काळात, पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत, अंडी आणि शुक्राणूंच्या बारीक गुलाबी गोळ्या एकदम पाण्यात सोडतात. या गोळ्या तरंगत वर जातात, पृष्ठभागावर फुटतात आणि तिथे फलन होतं. पाण्यात गाळ असेल तर त्याचे कण गोळीला चिकटतात, ती जड होते आणि वर न पोचताच खाली बसते. म्हणूनच पश्चिम ऑस्ट्रेलियात बंदरांसाठी समुद्रतळ खोदणाऱ्या मोठ्या प्रकल्पांना अशा दिवसांत काम थांबवण्याची अट घातली जाते. गाळ उपसणारी अवजड जहाजं मग चंद्राच्या तिथीवर नजर ठेवून त्या रात्री नांगर टाकून गप्प उभी राहतात.