डोक्यावर ओढणी घेतलेले दाढीवाले : इराणच्या हिजाब सक्तीवरच्या विनोदामागची गोष्ट

डिसेंबर २००९. तेहरानच्या अमीरकबीर विद्यापीठात भाषण करणाऱ्या माजिद तवक्कोली या विद्यार्थी नेत्याला अटक झाली आणि लगेच सरकारधार्जिण्या मीडियात त्याचे फोटो झळकले, अंगावर चादोर, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकणारं बायकांचं वस्त्र, डोक्याला स्कार्फ, म्हणे बाईच्या वेषात पळत होता. पोराची अब्रू घालवायची, एवढाच डाव. पण झालं भलतंच. इराणी पुरुषांनी घरातली ओढणी, शाल, हाताला लागेल ते डोक्यावर घेतलं, दाढीमिशांसकट फोटो काढले आणि फेसबुकवर टाकले, की आम्ही सगळेच माजिद. चादोर म्हणजे बाईचा सन्मान असं रोज सांगणारं सरकार तीच चादोर एखाद्याची लाज काढायला वापरतं, हे त्या फोटोंनी असं उघडं पाडलं की लेख लिहून जमलं नसतं. माजिदला मात्र साडेआठ वर्षांची शिक्षा ठोठावली गेली.

याची मुळं जुनी आहेत. १९३६ साली इराणचा तेव्हाचा राजा रझा शाहने उलटी सक्ती केली होती, हिजाब काढा म्हणून, पोलीस रस्त्यात बायकांच्या चादोरी ओढायचे, आणि तेही तितकंच वाईट होतं हे मी ठामपणे म्हणेन. मग १९७९ ची क्रांती झाली, मार्चमध्ये क्रांतीचे नेते खोमेनींनी सरकारी कचेऱ्यांत हिजाब हवाच म्हटलं आणि ८ मार्चला हजारो बायका तेहरानच्या रस्त्यावर उतरल्या. त्यांच्या अंगावर धावून येणाऱ्यांची घोषणा होती 'या रूसरी या तूसरी', म्हणजे एकतर डोक्यावर रुमाल घ्या नाहीतर डोक्यात टोला खा. १९८३ मध्ये कायदाच झाला, शिक्षा ७४ फटक्यांपर्यंत.

नंतर सरकारने पोस्टर लावली, एक लॉलीपॉप कागदात गुंडाळलेलं आणि दुसरं उघडं, त्यावर माशा. बाईला गोळी-चॉकलेट समजणाऱ्यांची खिल्ली उडणारच होती!

२०१६ ला पुन्हा नवऱ्यांनी, भावांनी बायकोचा, बहिणीचा हिजाब डोक्यावर घेऊन शेजारी मोकळ्या केसांनी उभ्या असलेल्या तिच्यासोबत फोटो काढले. डिसेंबर २०१७ मध्ये विदा मोवाहेद ही तरुणी तेहरानच्या इंकलाब रस्त्यावरच्या युटिलिटी बॉक्सवर चढली आणि पांढरा स्कार्फ काठीला बांधून तशीच गप्प उभी राहिली, मग तिचं बघून इतर जणी चढायला लागल्या तर प्रशासनाने काय करावं, त्या बॉक्सवर उतरत्या लोखंडी टोप्या बसवल्या, कुणाला उभंच राहता येऊ नये म्हणून.

आणि सप्टेंबर २०२२ मध्ये २२ वर्षांची महसा जिना अमिनी गश्ते इर्शादच्या, म्हणजे हिजाब तपासणाऱ्या पोलिसांच्या ताब्यात असताना गेली. त्यानंतर शाळकरी पोरंपोरी रस्त्याने जाणाऱ्या मुल्लांच्या मागून यायची, टप्पल मारून अमामा, म्हणजे पगडी, खाली पाडायची आणि पळत सुटायची. आपल्याकडे टोपी उडवणं हा वाक्प्रचार आहे, तिथे पोरांनी ती खरोखरच उडवली, आणि त्यासाठी काहींना अटकही झाली.