करंट खर्च होत नाही, मग मोटर का जळते?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात रात्रपाळीचा थ्री फेज असला की बांधाबांधावरून एकच विचारणा ऐकू येते, ‘लाईट उनी का?’ म्हणजे लाईट आली का? मोटर जळाली की ‘करंट जास्त खेचला’ हे निदानही ठरलेलं, आणि ते बरोबर आहे. मात्र ‘मोटर करंट खाते’ ही समजूत चुकीची. घरातल्या बल्बचंच बघा. एका तारेतून जेवढा करंट आत जातो, तेवढाच दुसऱ्या तारेतून परत येतो. बल्बमध्ये उतरते ती ऊर्जा.

हा फरक कळायला शास्त्रज्ञांनाही बराच काळ लागला. 1800 साली इटलीतल्या व्होल्टाने जस्त आणि चांदीच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे ठेवून उतरंड रचली. तोवर वीज म्हणजे क्षणभराची ठिणगी. आता पहिल्यांदा ती वाहती झाली. 1820 मध्ये ऑर्स्टेडला तारेजवळची चुंबकसुई वळताना दिसली, आणि करंट मोजायची वाट सापडली. 1827 मध्ये ओहम या जर्मन शिक्षकाने व्होल्टेज (करंटला ढकलणारा दाब), करंट आणि रोध (तारेचा अडथळा) यांचं नातं मांडलं. त्याच्याच देशात त्याची फारशी दखल घेतली गेली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला पदक दिलं ते 1841 साली.

त्याच वर्षी जूलचा नियम आला. शेतकऱ्याच्या कामाचा खरा नियम हाच : करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते.

करंट म्हणजे ज्याचं वाहणं, तो इलेक्ट्रॉन सापडला 1897 मध्ये, म्हणजे या सगळ्यानंतर. तारेत तो सरकतो सेकंदाला मिलिमीटरभरही नाही. आपल्या एसी (सतत दिशा बदलणाऱ्या) पुरवठ्यात तर सेकंदाला 50 वेळा जागच्या जागी मागेपुढे होतो. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रातला इलेक्ट्रॉन रावेरच्या विहिरीवर कधीच पोहोचत नाही. वाटेतल्या रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) दोन वेटोळी तारेने एकमेकांना जोडलेलीच नसतात. पोहोचते ती ऊर्जा, आणि ती तारेभोवतीच्या विद्युत-चुंबकीय क्षेत्रातून वाहते, हे पॉइंटिंगने 1884 मध्येच दाखवलं होतं.

आता मोटरीकडे. डीपी (शेताजवळचं रोहित्र) लांब, केबल बारीक, त्यात सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू. करंट तारेतून जाताना व्होल्टेज वाटेतच पडतं. पाण्याचा भार तेवढाच, म्हणून मोटर जास्त करंट ओढते. मग जूलचा चौपटीचा हिशेब मोटरीच्या वाइंडिंगमध्ये (आतल्या तारेच्या वेटोळ्यांत) सुरू होतो : आधी व्हार्निशचा वास, मग धूर.