पासपोर्टचा कागद, नाशिकरोडची छपाई आणि परराष्ट्र खात्याचा हिरवा हिशेब

परराष्ट्र मंत्रालय आणि पर्यावरण हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला हवामान परिषदा आठवतात. ३० नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसमध्ये जाहीर झालेली आंतरराष्ट्रीय सौर आघाडी आठवते आणि तिचे गुरुग्रामचे मुख्यालय आठवते. संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या छतावर भारताने २०१९ साली भेट म्हणून बसवलेले १९३ सौर पॅनेलही आठवतात, प्रत्येक सदस्य देशामागे एक. हा झाला बाहेरचा कारभार. खात्याच्या स्वतःच्या घरात किती कागद लागतो, किती प्रवास होतो, जुने सामान कुठे जाते, हे सहसा कुणी विचारत नाही. नाशिककराने मात्र विचारायला हवे. भारतीय पासपोर्टची कोरी पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्येच छापली जाते.

हा प्रश्न कायद्याने विचारायला सुरुवात केली कॅनडाने. तिथे १९९५ साली महालेखापरीक्षकांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पर्यावरणासाठी वेगळा आयुक्त नेमला गेला. प्रत्येक खात्याने शाश्वत विकासाचे धोरण संसदेपुढे ठेवायचे आणि दर तीन वर्षांनी ते ताजे करायचे, असे बंधन आले. १९९७ च्या डिसेंबरमध्ये पहिली धोरणे मांडली गेली आणि त्यांत परराष्ट्र खात्याचेही होते. आयुक्त या धोरणांची तपासणी करून ताशेरे ओढत. पुढे २००८ साली सगळ्या खात्यांना एका सूत्रात आणणारा स्वतंत्र कायदा झाला. अमेरिकेत २२ एप्रिल २००९ रोजी, वसुंधरा दिनाला, हिलरी क्लिंटन यांनी परराष्ट्र खात्याचा हरित उपक्रम सुरू केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष ओबामांचा आदेश निघाला आणि सगळ्या संघीय खात्यांना हरितगृह वायूंच्या घटीचे लक्ष्य ठरवणे भाग पडले. त्याआधी २००७ मध्ये स्टॉकहोमच्या अमेरिकी दूतावासातून दूतावासांची एक हरित साखळी उभी राहिली होती.

आपल्याकडे मंत्रालयांवर असे बंधन घालणारा कायदा नाही. तरीही परराष्ट्र खात्याचा कागद आणि लोकांची धावपळ गेल्या दीड दशकात कमी झाली आहे. ती कमी करताना पर्यावरणाचे नाव कुणी घेतले नाही. हेतू रांगा, दलाल आणि बनावट पासपोर्ट यांना आळा घालण्याचा होता.

मुळापासून पाहायचे तर नाशिकरोडच्या प्रेसपाशीच जावे लागते. त्याआधी भारताची टपाल तिकिटे लंडनमध्ये थॉमस डी ला रू कंपनीकडे छापली जात आणि बोटीने येत. १९२५ मध्ये नाशिकरोडला छापखाना सुरू झाला, १९२६ पासून तिकिटे इथून निघू लागली आणि १९२८ साली शेजारी नोटा छापणारी करन्सी नोट प्रेस आली. आज दोन्ही प्रेस २००६ साली स्थापन झालेल्या सरकारी महामंडळाच्या ताब्यात आहेत. गावात मात्र नुसते ‘प्रेस’ म्हटले तरी पुरते. नेहरूनगरची वसाहत कुणाची, हे रिक्षावाल्याला समजावून सांगावे लागत नाही.

सुरक्षा छपाईचे एक वैशिष्ट्य पर्यावरणाच्या बाजूने अडचणीचे आहे. साध्या छापखान्यात बिघडलेला कागद रद्दीवाल्याकडे जातो. इथे एकही खराब पान कुंपणाबाहेर जाऊ द्यायचे नसते. मोजायचे, नोंद करायची आणि देखरेखीखाली नष्ट करायचे. कागदही साधा नसतो. त्यात सुरक्षेच्या खुणा घातलेल्या असतात आणि शाई वेगळी असते. त्यामुळे अशा छपाईत कागद वाचवायचा मार्ग एकच उरतो, आधी कमी बिघडवणे.

अर्जदाराच्या बाजूने पाहिले तर कागदाचा खरा डोंगर पुस्तिकेचा नव्हताच. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १९६७ साली पासपोर्ट कायदा आला. त्यानंतर कित्येक दशके पासपोर्ट काढणे म्हणजे तीन प्रतींतले अर्ज, साक्षांकित झेरॉक्स, नोटरीचे प्रतिज्ञापत्र आणि पोलीस पडताळणीचे टपाल असा प्रकार होता. नाशिकची फाइल ठाण्याच्या पासपोर्ट कार्यालयाकडे जायची. ती अडकली की अर्जदार सकाळची पंचवटी पकडून निघायचा. एका बाजूचे अंतर दीडशे किलोमीटर, आणि बऱ्याचदा ‘साहेब रजेवर आहेत’ एवढे ऐकून परत.

बदल २००८ पासून सुरू झाला. पासपोर्ट सेवा प्रकल्पाचे काम टाटा कन्सल्टन्सीला मिळाले, २०१० मध्ये बंगळुरात पहिली केंद्रे उघडली आणि २०१२ पर्यंत देशभर ७७ केंद्रे झाली. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर यांच्या बरोबरीने नाशिकलाही केंद्र मिळाले. अर्ज ऑनलाइन झाला, कागदपत्रे खिडकीवर स्कॅन होऊन परत मिळू लागली आणि फोटो तिथेच काढला जाऊ लागला. २३ डिसेंबर २०१६ रोजी जाहीर झालेल्या नव्या नियमांनी जोडपत्रे १५ वरून ९ वर आणली, शिवाय नोटरी किंवा दंडाधिकाऱ्याची गरज काढून टाकली. साध्या कागदावर स्वतः लिहून दिले की पुरे. स्टॅम्पपेपरही नाशिकरोडच्याच प्रेसमध्ये छापला जातो, म्हणजे एका विभागाचे काम दुसऱ्या विभागाच्या सोयीसाठी घटले, असे गमतीने म्हणता येईल. केंद्राबाहेरची झेरॉक्सची दुकाने मात्र अजून तगून आहेत. ‘असू दे बरोबर एक सेट’ म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात.

२५ जानेवारी २०१७ रोजी म्हैसूर आणि दाहोद इथल्या टपाल कार्यालयांत पासपोर्ट केंद्रे सुरू झाली. आज देशात अशी चारशेहून अधिक केंद्रे आहेत. त्याच वर्षी सुषमा स्वराज यांनी कोणालाही पासपोर्टसाठी ५० किलोमीटरपेक्षा जास्त जावे लागू नये, असे उद्दिष्ट सांगितले. सोय म्हणून ठरवलेले हे उद्दिष्ट मला पर्यावरणाच्या कोणत्याही परिपत्रकापेक्षा मोठे वाटते, कारण प्रत्येक अर्जदाराचे शंभर-दोनशे किलोमीटर वाचले की वाहनांच्या धुराचा आकडा आपोआप खाली येतो. तो आकडा कुणी मांडलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

इमारतींची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. दिल्लीत साउथ ब्लॉक, अकबर भवन, शास्त्री भवन अशी विखुरलेली कचेरी २०११ पासून बरीचशी जवाहरलाल नेहरू भवनात आली. मुंबईत ऑगस्ट २०१७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात विदेश भवन उघडले आणि मुंबई-ठाण्याची पासपोर्ट कार्यालये त्यात सामावली गेली. नाशिकच्या फाइलींचा पत्ताही तेव्हा बदलला. २०२१ पासून दर ऑक्टोबरात सर्व मंत्रालयांत जुन्या फाइली निकाली काढून रद्दी विकण्याची मोहीम चालते. परराष्ट्र खात्याच्या खर्चातला सर्वात अवघड भाग मात्र विमानप्रवासाचा आहे. जगभर दोनशेच्या आसपास दूतावास आणि वाणिज्य कचेऱ्या चालवणाऱ्या खात्याला तो टाळता येत नाही. कोविडच्या काळात बैठका पडद्यावर झाल्या आणि नंतर पुन्हा विमाने भरली.

आता पुस्तिकाच बदलते आहे. २५ जून २००८ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना देशातला पहिला ई-पासपोर्ट मिळाला. त्यानंतर तो राजनैतिक आणि सरकारी कामाच्या पासपोर्टांपुरताच राहिला. सर्वसामान्यांसाठी १ एप्रिल २०२४ पासून नागपूर आणि भुवनेश्वर इथून प्रायोगिक वाटप सुरू झाले. मागच्या पुठ्ठ्यात चिप आणि अँटेना बसवण्याचे काम नाशिकरोडलाच होते. बनावटगिरीला यामुळे मोठा आळा बसतो, हे खरे. पण पुस्तिका आता नुसता कागद राहिली नाही.

सध्या मुदत संपलेल्या पासपोर्टचा कोपरा कापून तो धन्याला परत देतात. बहुतेक घरांत तो जुन्या व्हिसांच्या आठवणीपोटी कपाटात पडून असतो, आणि कागदाच्या पुस्तिकेचे तसे होणे त्रासाचे नाही. चिप असलेल्या पुस्तिकेसाठी ही पद्धत पुरेशी नाही, असे माझे मत आहे. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांचा रोख विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर टाकण्याकडे आहे. इथे उत्पादक सरकारी प्रेस आहे आणि वाटप करणारे सरकारी खाते. प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो, त्यामुळे नागपूर-भुवनेश्वरच्या पहिल्या खेपेची मुदत २०३४ मध्ये संपेल. त्या पुस्तिका परत घेण्याची खिडकी पासपोर्ट केंद्रात ठेवायची की प्रेसमध्ये, हे मंत्रालयाला त्याआधी ठरवावे लागेल.