पार्श्वभूमी : प्रचारसभेतलं वक्तव्य आणि सभागृहाची शिक्षा

ग्रामीण भागातला जुन्या वळणाचा नेता सभेत बायकांबद्दल, जवानांबद्दल किंवा शेतकऱ्यांबद्दल काहीतरी बोलून जातो. संध्याकाळपर्यंत क्लिप फिरते. दुसऱ्या दिवशी जोडे मारो आंदोलन, तिसऱ्या दिवशी ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला, तरी कुणी दुखावलं असेल तर दिलगिरी’. हा क्रम सगळ्यांना पाठ आहे. अशा लोकप्रतिनिधीला शिक्षा कुणी करायची, किती करायची आणि ती मागे घ्यायचा अधिकार कुणाचा, यावर मात्र फारसं बोललं जात नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे पुढे आला तो २०१७ मध्ये.

त्याआधीचं थोडक्यात. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि सोसायटी, बाजार समिती, साखर कारखाना या वाटेने नेतृत्व वर आलं. त्यांची भाषणं पारावरची. समोर बसलेला प्रत्येक जण नावानिशी ओळखीचा, त्यामुळे टोमणा, चिमटा, द्वयर्थी किस्सा हे सगळं चालून जायचं. समोर बायका थोड्या, आणि ज्या असत त्या मांडवाच्या एका कडेला. तालुक्याचा बातमीदार असलं वाक्य ऐकायचा आणि बातमीतून वगळायचा. वक्त्याचं धारिष्ट्य त्यातूनच वाढत गेलं. खिशातल्या मोबाइलने ही सोय संपवली, पण भाषणाची सवय तशीच राहिली.

एप्रिल २०१३ मध्ये पहिला मोठा दणका बसला. दुष्काळ तीव्र होता. उजनी धरणाचं पाणी सोडावं म्हणून सोलापूर जिल्ह्यातला एक शेतकरी मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसला होता. इंदापूर तालुक्यातल्या एका सभेत तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी त्याचा उल्लेख करून धरणात पाणी नाही तर काय करायचं, याबद्दल जे शब्द वापरले ते राज्यभर गेले. विधिमंडळात गदारोळ झाला, त्यांनी माफी मागितली आणि कराडला प्रीतिसंगमावर आत्मक्लेश म्हणून दिवसभर उपोषण केलं. सभागृहाने शिक्षा दिली नाही. शिक्षा त्यांनीच ठरवली आणि त्यांनीच भोगली. पुढच्या बहुतेक नेत्यांनी यातला माफीचा भाग उचलला, आत्मक्लेशाचा नाही.

आता २०१७. फेब्रुवारीत जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांची निवडणूक सुरू होती. पंढरपूर तालुक्यातल्या भोसे इथल्या प्रचारसभेत सत्ताधारी पक्षाच्या पाठिंब्यावर निवडून आलेल्या, विधान परिषदेच्या एका सदस्याने विरोधकांची खिल्ली उडवण्यासाठी सीमेवरच्या जवानाचा दाखला दिला आणि त्यात जवानाच्या पत्नीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले. ते वाक्य इथे पुन्हा लिहिण्याची गरज नाही. सोलापूर, सातारा, सांगली या पट्ट्यात घरटी फौजी असलेली गावं आहेत. माजी सैनिक रस्त्यावर उतरले, सदस्याने माफी मागितली, पण प्रकरण शमलं नाही.

एक गोष्ट त्या गदारोळात कुणी फारशी बोलून दाखवली नाही. २०११ च्या कायद्याने स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के जागा मिळाल्या होत्या. म्हणजे ज्या निवडणुकीच्या प्रचारात हे वाक्य उच्चारलं गेलं, तिच्यातल्या निम्म्या जागा बायकांसाठीच होत्या. तरी वक्त्याला तो किस्सा सांगावासा वाटला आणि तो चालून जाईल असा भरवसाही वाटला. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत गंभीर बाब ही आहे. बहुतेक चर्चा जवानाच्या अपमानाभोवती फिरली. जिच्यावर आरोप केला ती पत्नी त्या चर्चेतही नवऱ्याच्या मानापुरतीच उरली.

मार्चमध्ये अधिवेशन सुरू झालं. दोन्ही बाजूंच्या सदस्यांनी कारवाईची मागणी केली आणि परिषदेने त्या सदस्याला दीड वर्षासाठी निलंबित केलं. प्रकरण तपासण्यासाठी समितीही नेमली. कायमची बडतर्फी हवी, अशी मागणी होतीच.

हा निर्णय भावनेच्या अंगाने समजण्यासारखा होता. नियमांच्या अंगाने तो अवघड होता. राज्यघटनेचा अनुच्छेद १९४ आमदाराला सभागृहात बोलण्याचं संरक्षण देतो. बाहेरच्या सभेत तो सामान्य नागरिक असतो, त्याला फौजदारी कायदा (तेव्हाचं भारतीय दंड विधान) आणि निवडणुकीची आचारसंहिता लागू होते. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान (तेव्हाचं कलम ५०९) किंवा समूहाची बदनामी (कलम ४९९) हे मार्ग खुले होते, पण ‘जवानांच्या पत्नी’ हा ओळख पटण्याइतका निश्चित समूह मानायचा का, इथेच असे खटले अडतात. म्हणून सगळा भार सभागृहावर आला. सदस्याच्या वर्तनाने सभागृहाची अप्रतिष्ठा होत असेल तर त्याला बडतर्फही करता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये, प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणाऱ्या खासदारांच्या प्रकरणात मान्य केलं होतं. अधिकार होता. पण दीड वर्ष हा आकडा कोणत्या नियमातून आला? सभेतल्या एका वाक्यासाठी सहा महिने का नाही, उरलेली सगळी मुदत का नाही? उत्तर कुठेच लिहिलेलं नव्हतं. तो त्या दिवशीच्या संतापाचा आकडा होता.

जो आकडा संतापातून येतो तो संताप ओसरल्यावर टिकत नाही. २०१८ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या सुमारास, मुदत संपायच्या कित्येक महिने आधी, निलंबन मागे घेण्यात आलं. विरोधक उसळले, सत्तेतल्या भागीदार पक्षानेही हरकत घेतली आणि बडतर्फीची मागणी पुन्हा वर आली. निलंबन देणं चूक की मागे घेणं चूक, यावर अजूनही दोन मतं आहेत. माझं मत असं की शिक्षेचा आकडा आधी नियमात बसवायला हवा होता, पण एकदा दिलेली शिक्षा अर्ध्यावर सोडणं हे त्याहून वाईट झालं. ज्यांचा अपमान झाला होता त्यांना यात कुणी विचारलं नाही.

या वादाचं कायदेशीर उत्तर वेगळ्याच प्रकरणातून मिळालं. जुलै २०२१ मध्ये विधानसभेने १२ आमदारांना गैरवर्तनाबद्दल वर्षभरासाठी निलंबित केलं. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ जानेवारी २०२२ रोजी न्यायालयाने सांगितलं की निलंबन चालू अधिवेशनापुरतंच असू शकतं, त्यापलीकडचं घटनाबाह्य आहे. कारण साधं आणि पटणारं आहे. बडतर्फ केलं तर पोटनिवडणूक होऊन मतदारसंघाला नवा प्रतिनिधी मिळतो. वर्षभर निलंबन म्हणजे जागा भरलेली, पण आवाज बंद. अर्थात ती शिक्षा मतदारसंघाला होते. या कसोटीवर २०१७ चा दीड वर्षांचा ठराव टिकला नसता.

म्हणजे आज तसंच वक्तव्य झालं तर सभागृहापुढे दोनच टोकं आहेत. एक तर अधिवेशनाचे उरलेले काही आठवडे निलंबन, नाहीतर थेट बडतर्फी. पहिल्याने काही होत नाही, दुसरी बहुमत असलेला पक्ष आपल्या माणसावर चालवत नाही. निकाल माझ्या दृष्टीने बरोबर आहे, पण मधली जागा नियम करून भरायचं काम विधिमंडळाचं होतं आणि ते झालेलं नाही.

२०१७ मध्येच आणखी दोन प्रकरणं घडली. मे महिन्यात जालन्यात सत्ताधारी पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांनी तूर खरेदीवरून शेतकऱ्यांबद्दल अपशब्द वापरला. त्या हंगामात तुरीचं पीक भरमसाठ आलं होतं, हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये होता, बाजारात त्याहून कितीतरी कमी मिळत होता आणि खरेदी केंद्रांवर बारदाना नव्हता. १ जूनपासून शेतकरी संपावर गेले. नोव्हेंबरमध्ये शहाद्यात साखर कारखान्याच्या कार्यक्रमात एका मंत्र्याने दारूचा खप वाढवायचा तर ब्रँडला बाईचं नाव द्या, असा सल्ला दिला. ज्या राज्यात गावोगावच्या बायका ‘आडवी बाटली’साठी, म्हणजे दारूबंदीसाठी, मतदानाला उतरतात, त्याच राज्यात. मंत्र्यांनी माफी मागितली आणि खातं कायम राहिलं.

मंत्र्यांच्या बाबतीत पेच वेगळा आहे. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरवलं की मंत्र्याचं वैयक्तिक वक्तव्य सरकारच्या माथी मारता येत नाही आणि अभिव्यक्तीवर अनुच्छेद १९(२) मधल्या कारणांखेरीज नवे निर्बंध आणता येत नाहीत. हे प्रकरण २०१६ मधल्या बुलंदशहरच्या सामूहिक बलात्काराबद्दल उत्तर प्रदेशच्या तत्कालीन मंत्र्याने केलेल्या विधानातून सुरू झालं होतं. एका न्यायमूर्तींचं मत सरकारच्या जबाबदारीबाबत वेगळं होतं : मंत्र्याचं अवमानकारक विधान सरकारच्या भूमिकेशी जुळत असेल तर सरकारही जबाबदार धरता येईल. मला ते अल्पमत अधिक योग्य वाटतं. गावातला माणूस मंत्र्याचं बोलणं सरकारचं म्हणूनच ऐकतो.

२०२५ मध्ये कृषिमंत्र्यांनी एक रुपयाच्या पीकविम्याच्या संदर्भात भिकाऱ्याचा उल्लेख केला, नंतर कर्जमाफीचा पैसा साखरपुड्या-लग्नांत जातो असं सुचवलं. त्यानंतर सभागृहात मोबाइलवर पत्ते खेळत असल्याचा व्हिडिओ आला आणि जुलैअखेर त्यांच्याकडून कृषी खातं काढून क्रीडा खातं देण्यात आलं. ऑक्टोबरमध्ये सहकार मंत्र्यांनी लोकांना कर्जमाफीचा नाद लागल्याचं विधान केलं, तेव्हा मराठवाड्यातल्या अतिवृष्टीला महिनाही झाला नव्हता. तिथेही दिलगिरी आली. एक रुपयाची विमा योजना मात्र त्याच वर्षीच्या खरिपापासून बंद झाली आणि शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्के आणि नगदी पिकांना ५ टक्के असा पूर्ववत झाला. त्या निर्णयावर वक्तव्याच्या निम्मीही चर्चा झाली नाही.